आडनावांचा मुलूख

१७६७ सालच्या सुरुवातीला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोरच्या बेल-ईल बेटावर एक वेगळीच नोंदणी चालली होती. दोन वर्षांपूर्वी या बेटावर ७८ निर्वासित कुटुंबं आणून वसवली होती. त्यांचे कर्ते पुरुष एकेक करून पुढे यायचे, शपथ घ्यायचे आणि आपली वंशावळ तोंडी सांगायचे. आपला जन्म कुठला, आईबाप कोण, आजा-पणजा कोण, फ्रान्सहून समुद्र ओलांडून गेलेला मूळपुरुष कोण आणि त्याची बायको कुठल्या घरची. मग भावंडं, चुलते, मामा सध्या कुठे आहेत तेही सांगायचं. या उत्तरांत बॉस्टन यायचं, मेरीलँड यायचं, इंग्लंडमधली बंदरं यायची. आणि बरीच नावं वारलेल्यांची असायची.

एवढा खटाटोप करायचं कारण अगदी कोरडं, सरकारी होतं. त्या काळी जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद चर्चच्या वहीत होई, आणि या लोकांच्या वह्या त्यांच्या गावांबरोबरच गेल्या होत्या. वहीत नाव नाही म्हणजे कायद्याच्या लेखी माणूसच नाही. म्हणून ब्रिटनीच्या न्यायालयाने हुकूम काढला, की आठवणीतून वह्या पुन्हा लिहून काढा. सांगणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पण तीन-चार पिढ्या आणि सगळं सोयरगोत त्यांना पाठ होतं. त्या जबान्या आजही उपलब्ध आहेत. त्यांत चुका आहेत, नाही असं नाही. पण अकेडियन घराण्यांचा शोध घेणाऱ्या कुणालाही त्या टाळून पुढे जाता येत नाही.

हे लोक म्हणजे अकेडियन. त्यांचा मुलूख आज कुठल्याच नकाशावर नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड बेट हे तीन प्रांत एकत्र धरले की त्या जुन्या अकेडियाचा अंदाज येतो. १६०४ मध्ये फ्रेंच इथे उतरले, १६०५ मध्ये त्यांनी पोर-रॉयालची वसाहत उभारली. शेतकरी कुटुंबं मात्र १६३२ नंतर येऊ लागली. त्यांनी जमिनीसाठी जंगल तोडलं नाही, समुद्र अडवला. तिथल्या फंडीच्या उपसागरात जगातली सर्वांत मोठी भरती येते, काही ठिकाणी पाणी सोळा मीटरपर्यंत चढतं. अकेडियनांनी खाडीकाठी मातीचे बांध घातले, बांधाखालून लाकडी पन्हळ काढली आणि तिच्यात एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाई, भरतीला झडप आपोआप मिटे. कोकणातली खारबंदिस्ती किंवा गोव्यातल्या खाजणाची मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. पावसाने दोन-तीन वर्षांत मीठ धुऊन काढलं की जमीन सोन्यासारखी पिके.

बांधांचं इथे एवढं सांगायचं कारण असं, की नातेसंबंधांची वीण याच बांधांमुळे घट्ट झाली. असा बांध एकट्या माणसाच्या आवाक्यातला नसतो. तो फुटला तर सगळ्यांचंच शेत बुडतं. त्यामुळे मुलगे, जावई, मेहुणे शेजारी-शेजारी घरं बांधून राहिले आणि वाड्या घराण्यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. फ्रान्सहून येणाऱ्यांचा ओघ कधी मोठा नव्हताच. १६७१ च्या पहिल्या शिरगणतीत जेमतेम सत्तर कुटुंबं आणि चारशेच्या आसपास माणसं भरली. १७५५ पर्यंत तेच लोक चौदा हजारांच्या घरात गेले, आणि तेही मुख्यतः आपसांतल्या लग्नांतून. लब्लां, लांद्री, तिबोदो, बुद्रो, एबेर, रॉबिशो, दुसे अशी मोजकी आडनावं फांद्या फुटून सगळीकडे पसरली. कुणीही दोघं भेटले की पाच मिनिटांत नातं निघे.

ती १६७१ ची शिरगणती एका पाद्र्याने दारोदार फिरून केली होती, आणि तिच्यातल्या काही नोंदी वाचून आजही हसू येतं. पिंपं बनवणाऱ्या पिएर लानूने निरोप पाठवला, की माझी तब्येत उत्तम आहे, वय सांगणार नाही. एतिएन रॉबिशो पाद्री येतोय हे कळताच घरातून निघून गेला आणि गुरं किती, जमीन किती ते सांगायचं नाही, असं बायकोला बजावून गेला. शिंपीकाम करणाऱ्या पिएर मलांसोंच्या बायकोने तर असल्या चौकशा करत रस्त्याने हिंडतोस म्हणजे तुला वेडच लागलंय, असं पाद्र्याला तोंडावर सुनावलं. पाद्र्याने हे सगळं इमानदारीने लिहून ठेवलं. या तिघांचे आजचे वंशज अमेरिका खंडभर विखुरले आहेत, आणि आपला मूळपुरुष सरकारी माणसाला दाद देत नव्हता याचा त्यांना भलताच अभिमान वाटतो.

१७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने अकेडिया इंग्रजांकडे गेला. पुढची चाळीस वर्षं फ्रेंच बोलणारी, कॅथलिक, पण दोन्ही राजांच्या लढायांपासून अंग राखून असलेली ही प्रजा इंग्रजांनी चालवून घेतली. ब्रिटिश राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यायला अकेडियन तयार होते. फ्रेंचांविरुद्ध शस्त्र उचलायला मात्र तयार नव्हते. उत्तर अमेरिकेत नव्या युद्धाची चाहूल लागली तसा नोव्हा स्कोशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स याचा धीर सुटला. २८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्समध्ये त्याच्या सल्लागार मंडळाने सरसकट हद्दपारीचा निर्णय घेतला. ५ सप्टेंबरला ग्रां-प्रे गावात कर्नल जॉन विन्स्लोने पुरुष आणि मुलगे चर्चमध्ये बोलावून घेतले, दारं लावली आणि हुकूम वाचून दाखवला. जमीन, घरं, गुरं सरकारजमा. रोकड आणि उचलता येईल तेवढं सामान घेऊन जहाजावर चढायचं. गावं जाळली गेली. १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसं अशी हलवली गेली. इंग्रज वसाहतींत त्यांची मुद्दाम विभागणी करण्यात आली, म्हणजे ती पुन्हा एकत्र येऊ नयेत. व्हर्जिनियाने तर त्यांना ठेवूनच घेतलं नाही, तिथून त्यांची रवानगी इंग्लंडला झाली. तिथे देवीच्या साथीने कित्येक जण दगावले. बेल-ईलवर शपथ घेणारे ते हेच, १७६३ च्या तहानंतर फ्रान्सला आणलेले.

विन्स्लो शिस्तीचा माणूस. ग्रां-प्रेच्या प्रत्येक कर्त्या पुरुषाचं नाव, त्याचे मुलगे, मुली, बैल, गाई, मेंढ्या, डुकरं यांची यादी त्याने रोजनिशीत उतरवून ठेवली. हद्दपारीच्या हिशेबासाठी केलेली ही यादी आज वंशावळ शोधणाऱ्यांच्या हातातलं महत्त्वाचं साधन झाली आहे. ज्याने घर मोडलं त्याच्याच वहीत घरातल्यांची मोजदाद शोधायची, हे अकेडियनांना नवीन नाही. त्यांच्या इतिहासाची बहुतेक साधनं परक्यांच्या हिशेबवहीत सापडतात.

आपल्या हातची साधनंही आहेत, आणि त्यांची कथा अधिक थक्क करणारी आहे. ग्रां-प्रेच्या चर्चच्या काही वह्या हद्दपार झालेल्यांनी सोबत घेतल्या. घरदार सोडताना माणूस काय उचलतो? यांनी बारशा-लग्नांच्या वह्या उचलल्या. त्या मेरीलँडमार्गे थेट लुइझियानात पोहोचल्या आणि मिसिसिपीकाठच्या सेंट गॅब्रिएलच्या चर्चमध्ये राहिल्या. सध्या त्या बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दप्तरात आहेत. मूळ गावापासून तीन हजार किलोमीटरवर.

जिथे वही नाही तिथे चर्चच्याच एका नियमाने मदत केली. जवळच्या नात्यात लग्नाला कॅथलिक चर्चची बंदी होती. चौथ्या पायरीपर्यंतचं, म्हणजे खापरपणजा एक असलेलं नातंही त्यात यायचं. मोजक्या घराण्यांच्या समाजात ही बंदी पाळणं अशक्यच, म्हणून पाद्री सूट द्यायचे आणि नवरानवरी एकमेकांची कितव्या पायरीवर लागतात ते वहीत लिहायचे. शंभर-दीडशे वर्षांनी संशोधकांनी या सुटींवरून उलटा हिशेब मांडला. दोघं तिसऱ्या पायरीवर आहेत, मग त्यांच्या पणज्यांपैकी कोणीतरी एक असलंच पाहिजे. हरवलेली लग्नं अशी गणिताने परत मिळाली.

१७६४ मध्ये परतायची परवानगी मिळाली, पण लहान लहान टोळ्यांनी आणि विखरून राहण्याच्या अटीवर. खाडीकाठच्या जमिनीवर तोवर न्यू इंग्लंडमधले वसाहतवाले येऊन बसले होते. अकेडियनांच्या वाट्याला आला तो खडकाळ किनारा. बांध घालणारे शेतकरी मासेमारीकडे वळले. लुइझियानाकडे वाट काढणारे वेगळे. १७६५ मध्ये जोझेफ ब्रुसार, ज्याला सगळे ‘बोसोलेई’ म्हणत, दोनशेच्या आसपास माणसं घेऊन तिथे उतरला. १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सोळाशे जण गेले. त्यांचे वंशज म्हणजे आजचे केजन.

यानंतर जवळजवळ साठ वर्षं अकेडियनांबद्दल बोलणारं फारसं कोणी नव्हतं. १८४७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलोने ‘इव्हँजेलीन’ हे दीर्घकाव्य लिहिलं, आणि ताटातूट झालेल्या प्रेमिकांच्या त्या कथेने अकेडियनांचं नाव जगभर गेलं. त्यांना स्वतःला मात्र खऱ्या अर्थाने उभं केलं ते शाळेने. १८६४ मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्या मेमरॅमकुकला पाद्री कामिय लफेव्हरने फ्रेंच महाविद्यालय सुरू केलं. १८६७ मध्ये ‘ल मोनितर आकादियां’ हे पहिलं वृत्तपत्र निघालं. १८८१ मध्ये पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि १५ ऑगस्ट हा मेरीच्या स्वर्गारोहणाचा दिवस अकेडियनांचा सण ठरला. १८८४ मध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या मिस्कूशला फ्रेंच तिरंग्यात पिवळा तारा घालून झेंडा स्वीकारला गेला. राज्य नाही, सरकार नाही. झेंडा आणि राष्ट्रगीत मात्र आहे.

त्याच सुमारास प्लासिद गोदे नावाचा गृहस्थ म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि चर्चच्या वह्या उतरवत गावोगाव फिरत होता. पुढे ओटावाच्या सरकारी अभिलेखागारात त्याला नोकरी मिळाली, आणि त्याने जमवलेल्या वंशावळी त्या खात्याच्या १९०५ च्या अहवालात छापून आल्या. १९६५ मध्ये राजकारणी-इतिहासकार बोना आर्सनो यांचा अकेडियनांच्या इतिहास-वंशावळीचा ग्रंथ आला. तो घराघरांत गेला, आणि त्यातल्या चुकाही घराघरांत गेल्या. न्यू ब्रन्सविकमधल्या मंक्टनच्या फ्रेंच विद्यापीठात अकेडियन अध्ययन केंद्र आहे. तिथल्या स्टीफन व्हाइट यांनी मूळ कागदांवरून एकेक नोंद तपासून १९९९ मध्ये १६३६ ते १७१४ पर्यंतच्या घराण्यांचा कोश दोन खंडांत काढला, तेव्हा पुष्कळांची सांगोवांगी थोरवी ओसरली. एखाद्या घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगितला जाणारा सरदार पूर्वज कोशात साधा शेतकरी निघावा, असं कितीदा तरी झालं.

घराण्यांच्या संघटना, आपण त्यांना कुलमंडळं म्हणू, या कोशांवर पोसल्या गेल्या. त्यांची घडण बहुतेक ठिकाणी सारखीच असते. मूळ जोडपं एक: उदाहरणार्थ, जगभरच्या बहुतेक सगळ्या अकेडियन लब्लांचा धागा १६५० च्या सुमारास पोर-रॉयालला घर करणाऱ्या डॅनिएल लब्लां आणि फ्रांस्वाज गोदे यांच्यापर्यंत जातो. मग कार्यकारिणी, वर्गणी, वर्षातून काही वेळा निघणारं वार्तापत्र, आणि दर काही वर्षांनी संमेलन. मुख्य काम एखाद-दुसरा निवृत्त शिक्षक किंवा गावातली एखादी चिवट बाई स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर करत असते. क्वेबेकमध्ये अशा मंडळांची महासंघटना १९८३ पासून आहे. अकेडियन मंडळांचे महासंघ न्यू ब्रन्सविकमध्ये आणि लुइझियानातही आहेत. काही मंडळं घराण्याचं मानचिन्ह तयार करून टोप्यांवर छापतात. ढाल, सिंह, मुकुट सगळं त्यात असतं. ज्यांचे पूर्वज चिखलात फावडी मारत होते त्यांनी सिंह लावावा हे मला जरा गमतीचं वाटतं. फावडं अधिक शोभलं असतं.

एकमेकांना शोधणं हे या मंडळांचं पहिलं काम, आणि ते वाटतं तेवढं सोपं नाही, कारण आडनावंच बदलून गेली. न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला गेलेले लब्लां तिथे व्हाइट झाले, रुआ किंग झाले, प्वारिए पेरी झाले. लुइझियानात बुद्रो, तिबोदो यांच्या स्पेलिंगला शेवटी ‘एक्स’ चिकटला. आपला आजा पेरी होता एवढंच ठाऊक असलेला मॅसॅच्युसेट्सचा माणूस मंडळाला पत्र लिहितो, आणि वर्षभराने त्याच्या हातात पोर-रॉयालपर्यंतच्या दहा-अकरा पिढ्या येतात. या कामाला आता डीएनए चाचणीचीही जोड मिळाली आहे. पहिल्या पिढीतल्या बायकांपैकी कोण फ्रेंच आणि कोण तिथल्या मूळ रहिवासी मिगमॉ जमातीची, यावरचे जुने वाद तिने पुन्हा उकरून काढले. डॉक्टरांनाही या वंशावळी उपयोगी पडल्या. जन्मतः बहिरेपण आणि पुढे हळूहळू अंधत्व आणणाऱ्या अशर विकाराचा एक प्रकार लुइझियानातल्या अकेडियनांत जास्त आढळतो. मूळच्या थोड्या माणसांतून वाढलेल्या समाजात एकाच जनुकातला दोष पिढ्यानपिढ्या कसा पसरतो, याचं हे वैद्यकातलं नेहमीचं उदाहरण.

या सगळ्यांना एका ठिकाणी आणण्याची कल्पना अल्बर्टात जाऊन राहिलेल्या एका अकेडियनाची. १९९४ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या आग्नेय भागात पहिलं जागतिक अकेडियन संमेलन भरलं. परिषदा होत्या, नाटकं होती, गाणी होती. पण गर्दी खेचली ती कुलसंमेलनांनी. डझनावारी घराण्यांनी वेगवेगळ्या गावांत आपापले तंबू ठोकले. तेव्हापासून दर पाच वर्षांनी हे संमेलन नवीन ठिकाणी भरतं. १९९९ मध्ये लुइझियाना, २००४ मध्ये नोव्हा स्कोशिया, २०१४ मध्ये न्यू ब्रन्सविक, मेन आणि क्वेबेक यांच्या सीमा जिथे मिळतात तो प्रदेश, २०२४ मध्ये पुन्हा नोव्हा स्कोशियातलं क्लेअर आणि आर्गाइल. दर वेळी कुलसंमेलनं हाच कणा. गळ्यात नावाचा बिल्ला, बिल्ल्यावर मूळ जोडप्याच्या कोणत्या मुलाची शाखा तो रंग, भिंतीवर मीटर-मीटर लांबीची वंशावळ आणि तिच्यासमोर बोट फिरवत उभी असलेली माणसं. जेवणात कोंबडीचा फ्रिको, किसलेल्या बटाट्याचा रापूर. १५ ऑगस्टला संध्याकाळी तांतामार: घरातली भांडी, तवे, शिट्ट्या, जे वाजेल ते वाजवत रस्त्यावरून जायचं. आम्ही अजून इथे आहोत, हे ऐकवण्यासाठी.

घराण्याच्या भांडवलावर राजकारणही झालं. बोसोलेई ब्रुसारचं चरित्र लिहिणारे लुइझियानातले वकील वॉरन पेरिन यांनी १९९० मध्ये हद्दपारीबद्दल ब्रिटिश राजसत्तेकडे अर्ज केला. नुकसानभरपाई नको, झाला तो अन्याय होता एवढं मान्य करा. तेरा वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, राणीच्या नावाने घोषणा निघाली. हद्दपारी झाली आणि तिचे परिणाम भयंकर होते हे तिच्यात मान्य केलं आहे. माफी मात्र नाही. २८ जुलै हा आता कॅनडात स्मरणदिन आहे.

भाषेचं काय?

इथे माझं मत थोडं कडू आहे. आडनाव सांभाळायला मंडळ पुरतं, भाषा सांभाळायला पुरत नाही. कुलसंमेलनांच्या तंबूत थोडा वेळ कान दिला तर बहुतेक गप्पा इंग्रजीत चाललेल्या आढळतात. लुइझियानात १९२१ च्या राज्यघटनेने सार्वजनिक शाळांत इंग्रजीच शिकवण्याचं माध्यम ठरवलं. वर्गात फ्रेंच बोललं म्हणून मार खाल्लेली, शंभरदा एकच ओळ लिहून काढलेली पिढी मोठी झाली आणि तिने आपल्या मुलांशी फ्रेंच बोलायचंच सोडून दिलं. मेन राज्याने १९१९ मध्ये तसाच कायदा केला. सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात १८४२ च्या सीमाकराराने एकाच घराण्याचे दोन तुकडे झाले होते, नदीच्या एका काठाला कॅनडा, दुसऱ्या काठाला अमेरिका. त्या काठावरच्या मदवास्का गावी पहिल्या वसाहतीच्या स्मारकाजवळ घराण्यांनी आपापल्या नावांचे ग्रॅनाइटचे दगड उभे केले आहेत. नदीच्या दोन्ही बाजूंना नावं तीच. दुकानात बोलली जाणारी भाषा वेगळी.

लुइझियानाने १९६८ मध्ये फ्रेंचच्या प्रसारासाठी सरकारी संस्था काढली, आणि फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकहून शिक्षक आणून फ्रेंच माध्यमाचे वर्ग भरवले. नातवंडं उत्तम फ्रेंच शिकली, पण ती आजीच्या तोंडची नव्हती. आजीची बोली वेगळीच. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ जेनेव्हिएव्ह मासिन्यों यांनी १९४० च्या दशकात अकेडियन बोली गोळा केल्या आणि १९६२ मध्ये त्यांवर दोन खंड प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याचं आडनाव, त्याच्या पूर्वजाचं फ्रान्समधलं गाव आणि त्याच्या तोंडचे शब्द अशी त्यांनी सांगड घातली. लूदँ शहराजवळच्या ला शोसे गावच्या चर्चच्या वहीत त्यांना अकेडियाला गेलेल्या घराण्यांची नावं सापडली. त्या गावात आज अकेडियनांचं छोटं संग्रहालय आहे आणि कुलमंडळांच्या सहली तिथे येत असतात. सतराव्या शतकातल्या पश्चिम फ्रान्सच्या खेड्यातली क्रियापदांची रूपं नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर टिकली आणि पॅरिसमधून हद्दपार झाली. मंक्टनच्या पोरांनी त्यातच इंग्रजी मिसळून आपली ‘शियाक’ तयार केली. तिला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, तिच्यात कादंबऱ्या आणि गाणी लिहिणारेही.

भाषा तगली ती जिथे शाळा, पैसा आणि कायदा तिच्या बाजूने उभे राहिले तिथे. १९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला गिरणीकामगारांनी ‘असोम्प्सियों’ ही परस्पर साहाय्य संस्था काढली. आजारपण, अंत्यसंस्कार यांचा विमा तर होताच. वर्गणीतला काही हिस्सा हुशार मुलांच्या फ्रेंच शिक्षणासाठी बाजूला निघायचा. दहा वर्षांनी संस्थेचं मुख्यालय मंक्टनला गेलं आणि आज ती मोठी विमा कंपनी आहे. १९६० मध्ये लुई रॉबिशो न्यू ब्रन्सविकचे मुख्यमंत्री (प्रीमियर) म्हणून निवडून आले. १६७१ मध्ये पाद्र्याला टाळून निघून गेलेल्या एतिएनच्याच आडनावाचे हे गृहस्थ. त्यांच्या काळात १९६३ मध्ये मंक्टनचं फ्रेंच विद्यापीठ उभं राहिलं आणि १९६९ मध्ये प्रांताने दोन्ही भाषांना समान दर्जा देणारा कायदा केला. आज तिथल्या साधारण तीस टक्के लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे. कॅनडातला राज्यघटनेने द्विभाषिक असलेला हा एकमेव प्रांत.

१९८२ च्या कॅनेडियन हक्कसनदेतलं तेविसावं कलम तर घराण्याच्या प्रश्नाला थेट भिडतं. अल्पसंख्य भाषेतल्या शाळेचा हक्क ते मुलाला देत नाही, आईबापांना देतं. आईची किंवा बापाची पहिली भाषा फ्रेंच असून ती अजून समजत असेल, किंवा त्यांचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमध्ये झालं असेल, तर त्यांच्या मुलांना तो हक्क. म्हणजे हा वारसाहक्कच झाला, फक्त एका पिढीपुरता. मधल्या एका पिढीने भाषा सोडली की साखळी तुटली, मग मूळपुरुष १६५० चा असला तरी काही चालत नाही.

या कलमावर कोर्टात झालेले दोन गाजलेले खटले पाहा. प्रिन्स एडवर्ड बेटावर समरसाइडच्या फ्रेंच मुलांनी जवळजवळ तासभर बसने दुसऱ्या गावच्या शाळेत जावं असं सरकार म्हणत होतं. पालक न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये शाळा गावातच द्या असा निकाल दिला. खटल्याचं नाव आर्सनो-कॅमेरॉन. दुसरा नोव्हा स्कोशियातला, माध्यमिक शाळांसाठी; नाव दुसे-बुद्रो. हक्क कागदावर होता, पण इमारती वर्षानुवर्षं पुढे ढकलल्या जात होत्या आणि तेवढ्या काळात मुलं इंग्रजीकडे चालली होती. प्रांताच्या न्यायाधीशांनी नुसता निकाल देऊन न थांबता, बांधकाम कुठवर आलं ते वेळोवेळी येऊन सांगा, असा हुकूम सरकारला दिला. इतका हस्तक्षेप चालतो का, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो हुकूम कायम झाला. ज्या न्यायाधीशांनी तो मूळ हुकूम दिला, त्यांचं नाव आर्थर लब्लां. पुढे ते नोव्हा स्कोशियाचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, म्हणजे लॉरेन्सच्या प्रांतात राजाचे प्रतिनिधी.

दुसे, बुद्रो, आर्सनो, लब्लां. कुलमंडळांच्या भिंतीवरचीच नावं. पण इथे ती वंशावळीसाठी जमलेली नव्हती, शाळेच्या इमारतीसाठी जमली होती. मंडळांतल्या काही जाणत्या लोकांना हे उमगलं आहे. म्हणून काही ठिकाणी मंडळं शिष्यवृत्त्या देतात, वार्तापत्र दोन्ही भाषांत काढतात, अमेरिकेतल्या चुलतभावंडांना उन्हाळ्यात नोव्हा स्कोशियातल्या सेंट-ॲन विद्यापीठाच्या फ्रेंच वर्गाला धाडतात. काही मंडळं मात्र टोप्या आणि मानचिन्हांच्या पुढे गेलेली नाहीत.

आणि आता एक नवाच पेच उभा राहिला आहे. मंक्टन आणि त्याला लागून असलेल्या दिएपमधल्या फ्रेंच शाळांच्या वर्गात आज काँगो, हैती, मोरोक्को, कॅमेरूनहून आलेल्या कुटुंबांची मुलं बसतात. न्यू ब्रन्सविक स्वतःहून फ्रेंच भाषकांना बोलावतं, कारण तरुण पश्चिमेकडे निघून जातात आणि जन्म कमी होत चालले आहेत. ही मुलं घरी फ्रेंच बोलतात, शाळेत फ्रेंच शिकतात, १५ ऑगस्टला तांतामारमध्ये भांडी वाजवतात. त्यांच्यापैकी एकाचंही आडनाव १६७१ च्या यादीत नाही. उलट बॉस्टनजवळच्या उपनगरात राहणारा, फ्रेंचचा एक शब्द न येणारा पेरी नावाचा माणूस तीन पूर्वजांच्या बाजूंनी त्या यादीत सापडतो. नागरिकत्व मिळालं की तेविसावं कलम काँगोच्या आईला शाळेचा हक्क देतं, पेरीला देत नाही. कुलमंडळाच्या सदस्यत्वाच्या अर्जात नेमकं याच्या उलट घडतं.